या आठवड्याची वाचक

४ जुलै

प्राचार्य मॅडमनी सगळ्यांना सांगितलं आहे की काम दिसलं पाहिजे. खेळाचं दिसतं, विज्ञानाचं दिसतं. लायब्ररीचं काय दाखवणार? कपाटं आहेत, मी आहे, आणि दुपारी पंख्याखाली डबा खायला येणाऱ्या मुली आहेत.

रजतला पुण्याला फोन केला. त्यानं फोनवरूनच सांगत सांगत लायब्ररीचं इन्स्टाग्राम पेज उघडून दिलं. म्हणाला, "आई, पुस्तकांचे फोटो टाकशील तर कुत्रंही बघणार नाही. माणसांचे टाक."

ठरलं. दर सोमवारी एक मुलगी. खिडकीजवळ, हातात पुस्तक. खाली नाव, वर्ग, गाव, आवडतं पुस्तक, पुढे काय व्हायचंय. वर मथळा, या आठवड्याची वाचक.

मजकूर मराठीत लिहायचा. मुली हिंदीत लिहा म्हणतात. मी ऐकणार नाही. नागपूरला एम. ए. केलं, प्रभाकरशी लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आले, आणि तेव्हापासून मराठी लिहिते आहे ती फक्त या वहीत.

१६ जुलै

मुली आता आपण होऊन नंबर लावतात. आठवीतली एक तेल लावून, वेणी घालून आली होती. पुस्तक कोणतं, विचारलं, तर म्हणाली, "कोई भी दे दो मैडम, मोटा वाला."

'पानापलीकडे' अशा नावानं कुणीतरी दोन्ही फोटोंखाली लिहिलं आहे. पहिल्याखाली: "मुलीच्या चेहऱ्यावर वाचून झाल्यानंतरची शांतता आहे. ती टिपणाऱ्या नजरेचं अधिक कौतुक."

नजर माझी. पुन्हा पुन्हा वाचलं. ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नाही. प्रभाकरला वाचून दाखवलं. तो कोर्टातून येऊन चहा पीत होता. म्हणाला, "कोण आहे?" मी म्हटलं, वाचणारं कुणीतरी आहे. त्यानं पेपर उघडला.

४ ऑगस्ट

आज आम्रपाली. अकरावीत आहे. भरवेलीहून सायकलनं येते, वडील मँगनीजच्या खाणीत. मराठीचं कपाट उघडायला लावणारी शाळेतली ही एकटीच. बोलते मात्र घरच्यासारखं. पुस्तक परत करताना म्हणाली, "मॅडम, ह्यानं लई रडवलं मले."

मी म्हटलं, "खूप रडवलं मला."

तिनं तसं म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "तसं म्हनलं का रडू येत नाई, मॅडम."

हसले. फोटो चांगला आला. मजकूर लिहायला बसले तर ती टेबलाशी उभीच. "मॅडम, भरवेली नका लिहू. नुसतं बालाघाट लिवा."

"का गं? लाज वाटते?"

"लाज नाई. असंच."

ती गेल्यावर मी लिहिलं, भरवेलीच्या खाणीत राबणाऱ्या बापाची लेक. ते काढलं असतं तर इतर मुलींसारखीच एक मुलगी उरली असती. वाक्य मला आवडलं होतं.

१२ ऑगस्ट

'पानापलीकडे' यांचा खाजगी निरोप आला. त्या नागपूरच्या निवृत्त शिक्षिका आहेत. लिहितात, "पेजवरचे तुमचे चार-चार ओळींचे मजकूर मी साठवून ठेवते. इतकं संयत मराठी आता कुठे वाचायला मिळतं?" मी लगेच उत्तर दिलं. त्यांनी लगेच. जेवण करपलं.

मी फोनवर बोलू या म्हटलं. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आहे, बोलणं वर्ज्य. मला ते बरंच वाटलं. लिहिण्यातच मजा आहे.

२१ ऑगस्ट

रोज लिहिणं होतं. 'पानापलीकडे'ना मी आता ताई म्हणते, त्यांना सगळं सांगते. इथल्या मुलींचं मले-तुले, प्रभाकरचं न बोलणं, रजतचं महिन्यातून एकदा आठवण काढणं. त्या कधी उपदेश करत नाहीत. एखादा प्रश्न विचारतात. तोही नेमका.

आज आम्रपालीविषयी विचारत होत्या. घरी कोण असतं, अभ्यासाला कोण बसवतं, फोन स्वतःचा आहे का. त्यांच्या ओळखीतली मंडळी वाचणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देतात. मी घरची परिस्थिती कळवली आणि नंबरही दिला. शाळेत मुलींचे फोन दिवसभर माझ्याकडे डब्यात जमा असतात, त्यासाठी पालकांनी दिलेले नंबर माझ्याकडे असतातच.

आम्रपालीला दुपारी सांगितलं, "ताईंचा निरोप येईल. मोठ्या बाई आहेत. मोकळेपणानं बोल. आणि मराठी नीट लिही."

"तुमच्या वळखीच्या हायेत?"

"माझ्या अगदी जवळच्या."

"हौ मॅडम."

९ सप्टेंबर

ताईंची उत्तरं आखूड होत चालली आहेत. "छान." "वाचलं." काल काहीच नाही.

खरं लिहायचं तर मला आम्रपालीचा हेवा वाटतो. तिच्याशी त्या रोज बोलत असणार. फोन डब्यात टाकताना आज तिचा हात रेंगाळला. आत बसल्यावरही नजर डब्याकडेच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शिष्यवृत्ती पळून नाही जायची." बाकीच्या हसल्या. तिनं मान खाली घातली. पुस्तक उघडं होतं, पान उलटलं नाही.

२२ सप्टेंबर

आम्रपाली तिमाहीच्या दोन पेपरांना बसली नाही. आज आली ती थेट टेबलाशी. डोळे सुजलेले. "मॅडम, पेजवरचा माहा फोटो काढता काय?"

"का?"

"काढा ना."

"सगळ्यात जास्त लाइक तुझ्याच फोटोला आहेत. वडील काही बोलले का?"

वडीलच असणार. मी तिला समजावलं की मुलीचं नाव चार लोकांत झालं तर त्यात वाईट काही नाही, आणि काळ बदलला आहे. बरंच बोलले. चांगलं बोलत होते, असं तेव्हा वाटत होतं. ती ऐकून निघून गेली. फोटो मी काढला नाही.

२६ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर आम्रपाली आली. मी कपाटांना कुलूप लावत होते. तिनं दार लोटून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

मी पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. चेहरा तिचा. मी काढलेला. माझ्या खिडकीचा उजेड त्याच्या डाव्या बाजूला तसाच होता. बाकी सगळं कुणाचं तरी दुसऱ्याचं, जोडलेलं.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या ताईनं."

मी म्हटलं, "असं कसं? तुझा काहीतरी गैरसमज—"

"ताई नाई हाय थो, मॅडम. मानूस हाय." ती सलग बोलत होती, पाठ केल्यासारखी. आधी पुस्तकाविषयी विचारायचा. मग शिष्यवृत्तीसाठी फोटो. मग घरातला. मग हा बनवून पाठवला आणि म्हणाला, आता खरे पाठव, नाहीतर हा तुझ्या लायब्ररीच्या पेजवर जे जे आहेत त्या सगळ्यांना जाईल. तुझ्या बापाला आधी.

आणि मी विचारलं, "तू पाठवलेस का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फोन उचलला, दप्तर उचललं.

मी मागून म्हणत राहिले. सगळं पुसून टाक. त्याला ब्लॉक कर. कुणाला सांगू नकोस, मी बघते. ती सायकल न घेताच फाटकाबाहेर गेली. सायकल अजून स्टँडला आहे.

२७ सप्टेंबर

पेजवरचे सगळे फोटो काढले. मग मी एक गोष्ट केली. 'पानापलीकडे'ला लिहिलं, "आम्रपाली जे सांगते ते खरं आहे का? तसं नसेल तर मला फार बरं वाटेल."

मला अजूनही वाटत होतं की नाही म्हणतील.

उत्तर हिंदीत आलं. एकच ओळ. "मैडम, अपनी किताबें संभालो।" त्यानंतर ते खातं दिसेनासं झालं.

मी त्याला सावध केलं. हे आत्ता लिहिताना कळतं आहे.

२९ सप्टेंबर

आम्रपाली आली नाही. प्राचार्य मॅडमना सांगितलं. त्यांनी दार लावायला सांगितलं, मग खिडकीही. "आशा मैडम, लड़की घर पर है ना? तो घरवाले देख लेंगे. स्कूल का नाम बीच में मत लाइए. और पेज तो आपका था."

"हो, माझंच होतं."

"तो फिर?"

घरी प्रभाकरला सांगितलं. त्यानं पेपर बाजूला ठेवला. असं तो क्वचित करतो. म्हणाला, "तू काय काय लिहिलंस त्या माणसाला?"

"बाई समजून लिहिलं."

"माझ्याबद्दल?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग राहू दे. चौकशी झाली तर फोन मागतील. आपलं सगळं ठाण्यात वाचलं जाईल."

मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवते. त्यानं नको म्हटलं म्हणून मला हायसं वाटलं.

३० सप्टेंबर

प्रार्थना चालू असताना लायब्ररीतून १०९८ला फोन केला. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा हा नंबर आमच्या भिंतीवरच्या सरकारी पोस्टरवर आहे. पोस्टर मीच लावलं होतं, नकाशाच्या मागे, कारण तिथे जागा होती.

पलीकडची मुलगी माझ्या रजतपेक्षाही लहान असावी. मी प्रस्तावना सुरू केली. तिनं मध्येच विचारलं, "मैडम, बच्ची इस वक्त कहाँ है? उसके पास कोई है?"

मला माहीत नव्हतं. शुक्रवारी ती माझ्यासमोरून पायी गेली आणि आज मंगळवार. मी पेज आवरलं, प्राचार्यांना भेटले, नवऱ्याशी बोलले. हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

तिनं सांगितलं, आधी कुणीतरी तिच्याजवळ असू द्या. रागावू नका. त्या माणसाला काही पाठवायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. काही पुसायचं नाही, फोटो पुढे कुणालाही दाखवायचा नाही. मी म्हटलं, शाळेची परवानगी घेऊन कळवते. ती म्हणाली, "परमिशन नहीं लगती. आपको पता है, तो बताना आप ही को है. कानून है. मैं लिख रही हूँ, आप बोलिए."

बोलले. नाव, गाव. भरवेली.

३० सप्टेंबर, संध्याकाळ

शाळेतून ऑटोनं भरवेलीला गेले. कॉलनीत विचारत विचारत घर सापडलं. दारात शेवंताबाई, आम्रपालीची आई, तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली. "या मॅडम. पोरगी तं बोलून नाई राह्यली कोनाशी."

आम्रपाली आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

घनश्याम, तिचे वडील, पाळीवरून आलेले, हातपाय धुऊन खाटेवर बसलेले. नखांत खाणीची काळी धूळ. त्यांनी आम्रपालीचा फोन फोडला होता. शनिवारी कुणीतरी त्यांना तो फोटो पाठवला. मी त्या माणसाला लिहिलं तोच दिवस.

"तुमी मास्तरीन ना?"

"लायब्ररीची."

"हौ, थेच. माह्या पोरीचा फोटो जगाले दाखवाले मले इचारलं व्हतं काय? खानीत राबनाऱ्या बापाची लेक. मी वाचलं ना थे. माह्या पाळीतल्या पोट्ट्यानं दाखवलं मले, हासून हासून. मी राबतो थे तुमाले लिवाले पाह्यजे व्हतं काय?"

शेवंताबाई म्हणाली, "हळू बोला ना जी. मॅडम घरी आल्या."

"घरी आल्या म्हनून तं बोलून राह्यलो. शाळंत कोन बोलू देते?"

ते पोरीला तुमसरला मावशीकडे पाठवणार होते. शाळा बंद. तिकडे स्थळही पाहतील. मी म्हटलं, "तिची काही चूक नाही." घनश्याम म्हणाले, "चूक कोनाची हाय मंग? सांगा."

आम्रपालीनं घरी सांगितलं नव्हतं की नंबर मी दिला. मी बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "त्या माणसाची."

चहा आला. मी प्याले. हे मला लिहावंसं वाटलं, याचीही नोंद इथे राहू दे.

निघताना शेवंताबाईला एवढंच सांगितलं की तिला एकटी ठेवू नका. ती म्हणाली, "मी तिच्यापाशीच झोपून राह्यली शुक्रवारपासून. एवढं तं मले समजते, मॅडम."

३ ऑक्टोबर

पोलीस ठाण्यातून भरवेलीला येण्याचा निरोप आला. संघमित्रा नावाच्या सब इन्स्पेक्टर, साध्या सलवार-कमीजमध्ये. जीपही घरापासून लांब उभी केलेली. आम्रपालीशी त्या आत एकट्या बोलल्या, शेवंताबाई तेवढी जवळ. बाहेर मी आणि घनश्याम.

त्या बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला तुम्ही विचारलं होतं, पाठवले का म्हणून?"

"हो."

"ते विचारायचं नसते, मॅडम. पाठवले असले तरी गुन्हा त्याचाच हाय. तुम्ही इचारलं तवापासून ती कोनालेच सांगत नव्हती."

मग म्हणाल्या, आम्रपालीचा फोन फुटला आहे, खातं बंद झालं आहे. त्या माणसाचं लिखाण आणखी कुणाकडे आहे का?

माझ्याकडे होतं. सगळं. ऑगस्टपासूनचं. फोन पर्समध्ये होता. मी ठरवलं असतं तर घरी जाऊन, पाहते म्हणून, पुसून परत आले असते. प्रभाकरचं, रजतचं, माझं. मले-तुले बोलणाऱ्या पोरींचं. कुणाला कळलंही नसतं. इतका वेळ विचार केला की संघमित्रा मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

फोन दिला.

त्या वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या. "हे तुमी लिवलं?" आणि मोठ्यानं वाचलं. "मुलगी हुशार आहे, पण घरात विचारणारं कोणी नाही. तुम्ही लक्ष घातलंत तर तिचं सोनं होईल. नंबर देते आहे."

घनश्याम खाटेवरून उठले नाहीत. "घरात इचारनारं कोनी नाई," ते म्हणाले. "मी काय मेलो व्हतो?"



संघमित्रा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, असे लोक हेच पाहत असतात. कोन्या पोरीले घरी इचारनारं नाई." हे त्या घनश्यामना सांगत होत्या, पण पाहत माझ्याकडे होत्या.

शेवंताबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी निघाले तेव्हा या म्हणाली नाही.

१७ ऑक्टोबर

संघमित्रा मॅडमचा फोन. खातं दुसऱ्या राज्यातून चालत होतं. माणूस अजून हाती नाही. आणखीही शाळांच्या पेजवर त्यानं कौतुक लिहिलेलं सापडलं, वेगवेगळ्या भाषांत. "तुमच्याकडचं पहिलं वाक्य बाकी ठिकानीबी हाय," त्या म्हणाल्या. "मुलीच्या चेहऱ्यावरची शांतता. बहुतेक मशीनकडून लिहून घेत असंल."

मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

आज लायब्ररीचा तास घेतला नाही.

२८ ऑक्टोबर

प्रभाकर माझ्याशी नीट बोलतो आहे. पूर्वीपेक्षा जास्त. त्याला ठाण्यात बोलावलं नाही, त्याचं नाव निघालं नाही. मी काय लिहिलं होतं ते त्यानं विचारलेलं नाही. काल म्हणाला, "तुला लिहायला कुणी हवं असेल तर—" आणि थांबला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला.

फोन परत मिळाला आहे. दुपारी तो वाजला की अजून वाटतं, निरोप असेल. जे कुणी होतं ते काय होतं, हे माहीत असून वाटतं. त्या मुलीचं काय झालं हे माहीत असून. याच्यापेक्षा लाजिरवाणं मला काही सापडत नाही.

१४ नोव्हेंबर

बालदिन. प्राचार्य मॅडमना भाषण हवं होतं. मी म्हटलं, भाषण नाही, नववी ते बारावीचा एक-एक तास द्या, पालकांशिवाय, शिक्षकांशिवाय. त्या म्हणाल्या, "किसी का नाम नहीं लेंगी ना?"

"फक्त माझं."

पहिल्या तासाला नववी. मी फळ्यावर १०९८ लिहिलं. पोस्टर नकाशाच्या मागून काढून दारावर लावलं होतं. मग त्यांना सांगितलं की एका माणसानं मला कसं फसवलं. आधी स्तुती. मग माझी दुःखं ऐकणं. मग आवाज न ऐकवण्याचं कारण. मग माझ्याकडून दुसऱ्या कुणाची माहिती. मुली खुसखुसत होत्या. एक म्हणाली, "मैडम, आप भी?" सगळ्या हसल्या. हसू दिलं.

मग म्हटलं, कुणी फोटो मागितला, बनवला, धमकी दिली, तर उत्तर देऊ नका, काही पुसू नका, एकट्या राहू नका. पाठवला असला तरी या. पाठवलास का, का पाठवलास, हे मी विचारणार नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हटलं, "और घर पे बता दोगे तो?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "पोलिसांना कळवावंच लागतं. तुला आधी सांगेन, आणि तुझ्याबरोबर राहीन. मागच्या वेळी मी राहिले नव्हते."

घंटा झाली. तास संपल्यावर कुणी थांबलं नाही.

२१ नोव्हेंबर

आम्रपाली शाळेत आली आहे. संघमित्रा मॅडम भरवेलीला बऱ्याचदा जाऊन आल्या म्हणे. शेवंताबाईनं तुमसरला पाठवायचं नाकारलं आणि घनश्याम स्वतः तिला मोटरसायकलवर सोडायला येतात. फाटकाशी आज दिसले. मी नमस्कार केला. त्यांनी गाडी वळवली.

ती लायब्ररीत येत नाही. व्हरांड्यातून जाताना आमचं दार आलं की पलीकडच्या बाजूनं जाते. तिच्याकडे एक पुस्तक राहिलं आहे. ते मी मागणार नाही.

४ डिसेंबर

तो सापडलेला नाही. कदाचित सापडणार नाही, असं संघमित्रा मॅडम म्हणाल्या. फोटो कुठे कुठे गेला हेही सांगता येत नाही, काही ठिकाणचा काढवून घेतला आहे. आम्रपालीला हे माहीत आहे. ती तरी येते.

आज दहावीतल्या दोघींनी मराठीत काहीतरी वाचायला द्या म्हटलं. दिलं. एक म्हणाली, "मॅडम, मले समजंन काय हे?" मी म्हटलं, समजेल. दुरुस्ती ओठांवर आली होती.

११ डिसेंबर

छमाही परीक्षा चालू आहे. दुपारी पेपर सुटल्यावर लायब्ररी रिकामी होती. दारात आम्रपाली उभी राहिली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. तिच्या मागे नववीतली रीना, ओढणीचं टोक तोंडात धरलेलं. बालदिनाच्या तासाला सगळ्यात मोठ्यानं हसणारी.

आम्रपाली म्हणाली, "मॅडम, ही खोली पाह्यजे."

मला कळलं. खुर्ची पुढे ओढली. "ये बेटा, बस. घाबरू नकोस. मला सगळं सां—"

"तुमाले नाई, मॅडम. मले सांगते थे." ती माझ्याकडे पाहत नव्हती, खुर्चीकडे पाहत होती. "तुमी बाहेर बसा."

"नंबर—"

"पाठ हाय. लावाचा तवा बलावते तुमाले. ठान्यात सोबत यावं लागंन, मंग या."

"येते."

"मधात बोलाचं नाई."

"नाही बोलणार."

मी चष्मा घेतला आणि बाहेर आले. दार माझ्या मागे तिनं लावून घेतलं. खुर्ची आतच राहिली होती, म्हणून पायरीवर बसले.

दोघी पुस्तक बदलायला आल्या. त्यांना उद्या या म्हटलं. मग प्राचार्य मॅडम उत्तरपत्रिका घेऊन आल्या. "आशा मैडम, आप यहाँ? लाइब्रेरी बंद है क्या?"

"नहीं मैडम. खुली है."

"तो हटिए, मुझे ये अंदर रखने हैं."

"अभी नहीं."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठले नाही. त्या गठ्ठा तसाच घेऊन परत गेल्या.

आत रीनाचं रडणं सुरू झालं. मग ते थांबलं आणि आम्रपालीचा आवाज येऊ लागला, सावकाश, घरच्या बोलीत. कान दिला असता तर शब्द कळले असते. मी उठले आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले.